पांझरेकाठी शिकलेला इंजिनिअर

धुळ्यात ऊन पडलेले असावे आणि पांझरेला मात्र पूर यावा, हा अनुभव खानदेशातल्या माणसाला नवा नाही. पाऊस पडतो वर, साक्री-पिंपळनेरच्या डोंगरात. पाणी येते खाली, गावात. सकाळी कोरडी असलेली फरशी दुपारी पाण्याखाली जाते आणि पलीकडे गेलेला माणूस तिकडेच अडकतो. तापीला मिळणाऱ्या आपल्या बहुतेक नद्यांची तऱ्हा अशीच आहे. वर्षातले आठ-नऊ महिने वाळू आणि गोटे, आणि पावसाळ्यातले काही तास मात्र असे की काठावर उभे राहवत नाही.

सुमारे १४० वर्षांपूर्वी या पांझरेच्या खोऱ्यात एक तरुण इंजिनिअर कामाला आला होता. वय तेवीस-चोवीस. नोकरीतले पहिलेच वर्ष. पुढे हाच तरुण देशातल्या मोठ्या इंजिनिअरांपैकी एक ठरला. त्याचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून पाळतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव उच्चारले की म्हैसूरचे कृष्णराजसागर धरण डोळ्यांपुढे येते. पण त्यांच्या आयुष्याकडे पूर या एका विषयाच्या अंगाने पाहिले, तर त्याची सुरुवात आपल्या खानदेशात सापडते. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येतो त्या आजच्या काळातही त्यांचे काम आपल्याला बरेच काही शिकवते.

पुण्यात शिक्षण, खानदेशात पहिले धडे

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. जन्मसाल बहुतेक ठिकाणी १८६१ असे दिले जाते, काही ठिकाणी १८६०. घरची स्थिती बेताची होती आणि वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना त्यांनी शिकवण्या करून आपला खर्च भागवला. १८८१ साली बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १८८३ साली एल. सी. ई. या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या बळावर १८८४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअरची जागा मिळाली. पहिली नेमणूक नाशिकला झाली आणि तिथून ते लवकरच धुळ्याला आले.

धुळ्याच्या पश्चिमेला, साक्रीकडे, दातर्ती नावाचे गाव आहे. हा सगळा पट्टा पांझरेच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या फड बागायतीचा. नदीत बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि पाणी पाळीपाळीने फडांना द्यायचे, ही पद्धत इथे पिढ्यान् पिढ्या चालत आली. दातर्तीला पांझरेच्या पाटाच्या कामात नळांचा एक सायफन बांधायचा होता. सायफन म्हणजे वाटेत आडवा आलेला प्रवाह ओलांडण्यासाठी पाटाचे पाणी नळातून खाली उतरवून पलीकडे पुन्हा वर काढण्याची सोय. कागदावर सोपे दिसणारे हे काम पावसाळ्यात अवघड झाले. पाऊस झाला की पाणी यायचे आणि खोदलेल्या जागेत वाळू भरायची. काल केलेले काम आज दिसेनासे व्हायचे.

पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावे असे तरुण विश्वेश्वरय्यांना वाटले आणि तसे त्यांनी वरिष्ठांना कळवलेही. वरिष्ठांना ते रुचले नाही. मग मात्र त्यांनी आपला निर्णय बदलला, पावसाच्या उघडिपी साधत काम पुढे रेटले आणि सायफन पुरा केला. वरिष्ठांची नाराजी गेली आणि पुढे त्यांनीच शाबासकीही दिली.

या प्रसंगाकडे जिद्दीची गोष्ट म्हणून पाहता येईल. पण इंजिनिअरच्या दृष्टीने त्यातला धडा वेगळा होता. दख्खनच्या कोरड्या भागातली नदी सरासरीवर चालत नाही. वर्षाचा पाऊस किती, यावरून तिच्यावरचे काम आखता येत नाही. एका रात्रीत किती पडेल आणि ते पाणी किती तासांत येईल, हे तिथे महत्त्वाचे असते.

धुळेकरांना हे विश्वेश्वरय्या येण्यापूर्वीच कळले होते. १८७२ साली गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्यांना मोठा पूर आला. त्यात एकट्या धुळे शहरातली पाचशेहून अधिक घरे वाहून गेली आणि दीडशेच्या आसपास गावांना झळ बसली. तेव्हा भारतात हवामान खातेही नव्हते. ते सुरू झाले तीन वर्षांनी, १८७५ साली. विश्वेश्वरय्या दातर्तीला काम करत होते तेव्हा हे खाते मोसमी पावसाचे पहिले अंदाज बांधायला नुकते लागले होते. उद्या पांझरेच्या डोंगरात किती पाऊस पडेल, हे सांगणे त्या काळात कोणालाच शक्य नव्हते.

पाण्याने स्वतःच उघडलेले दार

पुढची वीस-बावीस वर्षे विश्वेश्वरय्यांनी मुंबई सरकारच्या नोकरीत काढली. सिंधमधल्या सक्करला त्यांनी १८९४-९५ मध्ये पाणीपुरवठ्याचे काम केले. सिंधू नदीचे पाणी कमालीचे गढूळ, आणि मोठे गाळणी हौद बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. त्यांनी नदीच्या पात्रात, काठाला लागून विहीर घेतली. वाळूतून झिरपून येणारे पाणी त्या विहिरीत आपोआप गाळले जाऊ लागले. पुढे त्यांनी इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर म्हणूनही काम पाहिले. पिण्याचे पाणी, सांडपाणी आणि पूर हे तीन वेगळे विषय नाहीत, ही त्यांची समज या काळात पक्की झाली असावी, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते.

त्यानंतर पुण्याजवळच्या खडकवासल्याचा प्रश्न पुढे आला. त्या तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात तलाव भरला की सांडव्यावरून पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. सांडवा उंच करावा तर मोठ्या पुरात धरणाला धोका. सांडव्यावर दारे बसवावीत तर अपरात्री पूर आल्यावर ती वेळेवर उघडणार कोण? विश्वेश्वरय्यांनी या दोन्ही अडचणींवर एकच उपाय शोधला. त्यांनी आपोआप चालणारी दारे तयार केली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडवले जाई. ती पातळी ओलांडली की वर आलेले पाणीच तरंगत्या आणि समतोल राखणाऱ्या वजनांना हलवी आणि दारे उघडत. पूर ओसरला की ती पुन्हा बंद होत. त्यामुळे तलावाची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढवता आली. १९०३ च्या सुमारास ही दारे बसली आणि त्यांचे पेटंटही घेतले गेले.

आजच्या भाषेत बोलायचे तर ही पूर ओळखून आपोआप कृती करणारी यंत्रणा होती. पण तिला कळायचे ते धरणापर्यंत पोहोचलेले पाणी. डोंगरात काय चालले आहे, हे तिला कळत नसे. ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी, कारण त्यांच्या पुढच्या मोठ्या कामात त्यांना नेमका याच प्रश्नाला हात घालावा लागला.

मुसीचा पूर आणि ७८८ तलाव

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबाद शहरात मुसी नदीचा पूर शिरला. एरवी ही नदीही आपल्या पांझरेसारखीच, शहराच्या मधून वाहणारी आणि बहुतेक वेळ कोरडी. त्या पुरात सुमारे १५,००० माणसे गेली असे मानले जाते. हजारो घरे पडली, पूल वाहून गेले.

विश्वेश्वरय्या त्या सुमारास मुंबई सरकारच्या नोकरीतून बाहेर पडून परदेशात प्रवास करत होते. निजाम सरकारचे बोलावणे तिथेच त्यांच्यापर्यंत पोहोचले. १९०९ साली ते हैदराबादला आले. लोकांची अपेक्षा होती की ते नदीच्या काठाने उंच भिंती बांधायला सांगतील. त्यांनी आधी भिंतींचा विचार केला नाही. त्यांनी पावसाच्या नोंदी मागवल्या.

कुठल्या गावी किती वाजल्यापासून किती पाऊस झाला, ही माहिती त्यांनी गोळा केली. शमशाबाद इथे २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत जवळजवळ १९ इंच पाऊस झाल्याचे आढळले. मिलिमीटरमध्ये हे अनुक्रमे ३२५ आणि ४८० होतात. खानदेशात वर्षभराचा सरासरी पाऊस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आपल्या वर्षाच्या पावसातला निम्म्याहून जास्त वाटा तिथे दोन दिवसांत पडला होता. असा पाऊस पुन्हा पडू शकतो का, हे ठरवण्यासाठी त्यांनी देशाच्या इतर भागांतल्या मोठ्या पावसांशी त्याची तुलना केली.

मग त्यांनी नदीच्या वरच्या खोऱ्यातले तलाव मोजले. ते ७८८ निघाले. त्यांतले २२१ तलाव त्या पावसात फुटले होते. या आकड्यातून पुराचे खरे चित्र पुढे आले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर येते, तोही फुटतो, आणि पावसाचे पाणी अधिक साठलेले पाणी अशी दुहेरी लाट शहरावर येते. पुराला आभाळ जितके कारणीभूत होते, तितकीच माणसाने बांधून नंतर दुर्लक्षित ठेवलेली कामेही.

त्यांचा उपाय या मोजमापातून निघाला. शहराच्या वर मुसीवर एक आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर एक अशी दोन मोठी धरणे बांधावीत, आणि मोठा पूर आला की त्याचे पाणी तिथे काही काळ अडवून नदीला झेपेल तेवढेच खाली सोडावे. त्याच्या जोडीला शहरातले नदीकाठ उंच करावेत, काठावर घरांऐवजी बागा आणि रस्ते असावेत, आणि शहराला बंदिस्त गटारांची योजना असावी, असेही त्यांनी सुचवले. पुढे उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरे झाले. हैदराबादला त्यांनी पुरापासून संरक्षण दिले आणि पिण्याचे पाणीही.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. कृष्णराजसागरचे काम याच काळातले, आणि तिथेही आपोआप उघडणारी दारे वापरली गेली. पंचाहत्तरी उलटल्यावरही पुराने त्यांची पाठ सोडली नाही. १९३७ साली महानदीच्या पुरांचा प्रश्न अभ्यासण्यासाठी ते ओरिसात गेले. तिथेही त्यांनी आधी नदीची आणि पावसाची पद्धतशीर मोजणी करा, असाच आग्रह धरला आणि वरच्या भागात जलाशय बांधण्याचा विचार मांडला. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

आयुष्याच्या अगदी अखेरीस मात्र काळजाला चटका लावणारी एक घटना घडली. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले. ज्या सांडव्यावर तरुणपणी त्यांनी आपली दारे बसवली होती, ते हेच धरण. अंदाजात धरलेल्या पुराला ती दारे पुरी पडली असती, वरचे अख्खे धरण रिकामे होऊन येईल तेव्हा नव्हे. मुसीच्या खोऱ्यातल्या २२१ तलावांनी पन्नास वर्षांपूर्वी जे दाखवले होते, ते पुण्याने पुन्हा अनुभवले. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाची शंभरी ओलांडून विश्वेश्वरय्यांनी जगाचा निरोप घेतला.

पावसाचा अंदाज आणि पुराचा अंदाज

आज आपल्याकडे उपग्रह आहेत, रडार आहेत, संगणक आहेत. हवामान खाते जिल्ह्यासाठी पिवळा, नारंगी किंवा लाल इशारा देते. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार, अशी खात्याची वर्गवारी आहे. पुढच्या तीन तासांत कुठे वादळी पाऊस होईल, हेही सांगितले जाते.

तरीही एक अंतर उरतेच. खात्याचा इशारा पावसाचा असतो आणि घरात शिरते ते नदीचे पाणी. या दोहोंमधला हिशेब गावागणिक बदलतो. तो ढोबळपणे असा मांडता येईल. एक चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक कोटी लिटर पाणी होते. १०० चौरस किलोमीटरच्या खोऱ्यावर १०० मिलिमीटर पडला तर एक हजार कोटी लिटर. जमीन कोरडी असेल तर त्यातले बरेच मुरते. पण आपल्या काळ्या जमिनीच्या भेगा चार दिवसांच्या पावसाने बुजल्या की पाणी मुरायचे जवळजवळ थांबते. मग तोच १०० मिलिमीटर पाऊस जूनमध्ये निरुपद्रवी आणि ऑगस्टअखेर घातक ठरतो.

चाळीसगावने हे ३१ ऑगस्ट २०२१ रोजी भोगले. आदल्या रात्री कन्नडच्या डोंगरात मुसळधार पाऊस झाला, घाटात दरडी कोसळल्या आणि डोंगरी व तितूर या एरवी लहान असलेल्या नद्या पहाटे शहरात आणि आजूबाजूच्या गावांत शिरल्या. गुरे वाहून गेली, दुकाने बुडाली. चाळीसगावात किती पाऊस झाला एवढेच पाहणाऱ्याला त्या पुराचा अंदाज आला नसता. पाहायला हवा होता घाटमाथा.

धरणांच्या बाबतीत प्रश्न आणखी अवघड आहे. पांझरेवर आता अक्कलपाडा धरण आहे, तापीवर ४१ दरवाजांचे हतनूर आहे, गिरणा आणि वाघूर आहेत. पूर अडवायचा तर धरणात मोकळी जागा हवी. पण खानदेशासारख्या दुष्काळाच्या छायेतल्या भागात भरलेले धरण कोणाला रिकामे करवेल? सोडलेल्या पाण्याच्या जागी पाऊस आला नाही तर उन्हाळ्यात टँकरची वेळ येते. पावसाच्या भरवशाच्या अंदाजाचे खरे मोल इथे आहे. दोन दिवस आधी खात्रीने कळले तर धरणातून थोडे थोडे पाणी आधीच सोडता येते. नाही कळले तर ऐनवेळी सगळे दरवाजे उघडावे लागतात आणि खालच्या गावांना सावरायला तासही मिळत नाही.

विश्वेश्वरय्यांच्या कामातून आपल्यापुरते घेण्यासारखे तीन प्रश्न आहेत. आपल्या नदी-नाल्याला पाणी कुठून येते? त्या भागात पाऊस सुरू झाल्यावर ते आपल्यापर्यंत यायला किती तास लागतात? आणि वाटेत काय आहे, म्हणजे किती तलाव, किती बंधारे, किती ठिकाणी पात्र बुजवून घरे उभी राहिली आहेत? या तिन्हींची उत्तरे गावातल्या जुन्या माणसांकडे बऱ्याच अंशी मिळतात. १९६९, २००६ किंवा २०१९ असे एखादे पुराचे साल घरातले थोरले सांगतील, तर तेव्हा पाणी कुठल्या ओट्यापर्यंत आले होते, हेही त्यांना विचारावे आणि तिथे रंगाने खूण करून ठेवावी. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत साधे पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी नोंद ठेवली आणि वरच्या गावाशी फोनवर ती बोलून घेतली, तरी खालच्या गावाला तीन-चार तास मिळू शकतात.

इशारा आल्यावर करायच्या गोष्टी साध्या आहेत. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते गुडघाभर असले तरी गाडी घालू नये. वाहते पाणी मोटारसायकल सहज ओढून नेते आणि खालची फरशी खचली आहे का, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. गुरे दावणीला बांधून ठेवू नयेत. रेशनकार्ड, औषधे आणि टॉर्च एका पिशवीत वर ठेवावे. पूर ओसरल्यावर विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकल्याशिवाय पाणी पिऊ नये, आणि शक्यतो उकळूनच प्यावे. पायाला जखम असेल तर पुराच्या चिखलात उतरणे टाळावे. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग याच वाटेने होतो. पुरानंतरच्या आठवड्यांत ताप आला तर अंगावर न काढता डॉक्टरांना चिखलात उतरल्याचे सांगावे. जुलाब सुरू झाले तर ओआरएसचे पाणी लगेच द्यावे.

दातर्तीच्या त्या पावसाळ्यात तेवीस-चोवीस वर्षांच्या विश्वेश्वरय्यांजवळ ना रडार होते ना इशारा. नदी कशी वागते हे त्यांना कामाच्या जागी उभे राहून पाहावे लागले, आणि नंतर जिथे गेले तिथे त्यांनी आधी मोजायला सुरुवात केली. आपल्या हातात आज अंदाज आहे. त्याला आपल्या गावच्या नदीची मोजणी जोडणे मात्र आपल्याकडेच राहिले आहे.